कार्बनची कुळे आणि परीक्षेची भीती

व्याख्यानमालेचे हे दिवस म्हणजे आपल्याकडे एका परीक्षेचा निकाल आणि दुसऱ्या परीक्षेची धास्ती यांच्या मधले दिवस. सायंकाळी येथे येऊन बसणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या घरी अकरावी ओलांडून बारावीच्या उंबरठ्यावर उभा असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. अशा घरांतून येत्या माघ-फाल्गुनात रात्री अकरा वाजता कोणता देखावा दिसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. मुलगा येरझारा घालीत पुटपुटत आहे. वडील चष्मा लावून, पुस्तक हातात धरून बसले आहेत. मुलगा एकेका विक्रियेचे नाव घेऊन समीकरण म्हणून दाखवीत आहे आणि वडील, त्यातले एक अक्षरही न समजता, पुस्तकाशी ताडून मान डोलवीत आहेत. ‘विल्यमसन झाली, कोल्बे झाली, आता रायमर-टीमान म्हण.’ पूर्वी पावकी-निमकी म्हणवून घेत, तसाच हा प्रकार. आतून आईचा आवाज येतो, ‘अहो, झोपू द्या आता त्याला.’ पण पाठांतर चालूच राहते.

या देखाव्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. वडिलांची तळमळ खरी आहे आणि मुलाचे कष्टही खरे आहेत. परंतु आम्ही जवळून जे पाहिले ते असे की, सेंद्रिय रसायन अशा रीतीने तयार केलेला विद्यार्थी परीक्षेत कसाबसा तरतो आणि विषयात कायमचा बुडतो. प्रश्नात ब्रोमीनच्या जागी क्लोरीन आले, किंवा दोन कार्बनांच्या जागी तीन आले, की त्याला वाटते, हे आपण केलेलेच नाही.

याचे खापर केवळ पालकांच्या माथी फोडून आम्हांस मोकळे होता येणार नाही. आम्ही शिकवावयास लागलो तेव्हा वर्षानुवर्षे फळ्यावर समीकरणे लिहून दिली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. एके वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, तेच कॉस्टिक पोटॅश पाण्यात विरघळवून घातले तर अल्कोहोल मिळते, आणि अल्कोहोलात विरघळवून घातले तर अल्कीन मिळते, असे का?’ तास संपत आला होता, भाग पुरा करावयाचा होता. आम्ही म्हणालो, ‘ते परीक्षेत विचारीत नाहीत. तू नुसते लक्षात ठेव.’ ती खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिने एकही प्रश्न विचारला नाही, आणि पुढे सराव परीक्षेत नेमकी त्याच दोन समीकरणांची तिने अदलाबदल केली. तो पेपर तपासताना आमच्या ध्यानात आले की, गुण तिचे गेले तरी चूक आमची होती. आजचे हे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम या शास्त्राच्या नावाकडे पाहू. सेंद्रिय म्हणजे सजीवांपासून आलेले. साखर, तेल, आम्ल, रंग हे पदार्थ वनस्पतींच्या व प्राण्यांच्या देहातच तयार होऊ शकतात, त्यांस एखादी प्राणशक्ती लागते, अशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ विद्वानांची समजूत होती. १८२८ साली फ्रेडरिक वोलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेट या खनिज वर्गातल्या क्षारापासून युरिया तयार करून दाखविला. युरिया हा मूत्रात सापडणारा पदार्थ. तो प्रयोगशाळेच्या काचपात्रात तयार झाला आणि जुन्या समजुतीचा पाया हलू लागला. नाव मात्र ‘सेंद्रिय’ हेच राहिले. आज त्याचा अर्थ एवढाच, की हे कार्बनच्या संयुगांचे शास्त्र आहे.

एकट्या कार्बनसाठी स्वतंत्र शास्त्र का असावे? कारण त्याचा स्वभाव. १८५८ साली केकुले आणि कूपर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे असे दाखविले की, कार्बनच्या अणूला चार हात आहेत आणि त्यांपैकी काही हातांनी तो दुसऱ्या कार्बनचा हात धरू शकतो. दहावीच्या पुस्तकात मुलांनी ‘संयुजा चार’ असे वाचलेले असते, ती हीच गोष्ट. हात धरून साखळी होते, साखळीला फांद्या फुटतात, टोके जुळून कडे होते. यामुळे कार्बनच्या संयुगांची संख्या कोट्यवधींत गेली. कोट्यवधी हा आकडा ऐकूनच मुलाची छाती दडपते. परंतु कोट्यवधी माणसांच्या देशातही आपण आडनावावरून घराणे ओळखतोच की नाही? तसेच येथे आहे. मिथिल, एथिल, प्रोपिल ही जणू व्यक्तीची नावे, आणि अल्कोहोल, अल्डिहाइड, आम्ल, अमाइन ही आडनावे. शास्त्रात या आडनावास क्रियात्मक गट म्हणतात. नाव कोणतेही असो, आडनाव एक असले की घराण्याची चाल बहुतांशी एकच राहते. बारावीत अशी मोठी कुळे फार तर सात-आठ आहेत. विद्यार्थ्याने शेकडो समीकरणांची यादी करण्यापूर्वी या सात-आठ कुळांची ओळख करून घ्यावी.

आता कुळाची चाल कशावरून ठरते ते पाहू. दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांनी सामाईक वापरावयाची इलेक्ट्रॉनांची जोडी, ही कल्पना लुइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली मांडली. दोन शेतकऱ्यांच्या सामाईक विहिरीसारखी ती आहे. कागदावर पाणी निम्मे-निम्मे. पण एकाच्या मोटेची ओढ जबर असेल, तर पाणी त्याच्याच शेताकडे अधिक जाणार. कार्बन आणि हायड्रोजन यांची ओढ जवळजवळ सारखी, म्हणून त्यांच्यात तंटा नाही. परंतु ऑक्सिजन, क्लोरीन, ब्रोमीन हे कार्बनपेक्षा जास्त ओढ घेणारे. त्यांच्या शेजारी असलेल्या कार्बनकडे इलेक्ट्रॉनांची टंचाई निर्माण होते. त्याच्यावर किंचित धन भार येतो. मग ज्याच्यापाशी इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी आहे असा कोणी आला की तो नेमका या टंचाईच्या जागी जाऊन चिकटतो आणि जुना भागीदार, म्हणजे ब्रोमीन, आपली जोडी घेऊन निघून जातो.

एवढी एक गोष्ट ज्या मुलास पटली त्याचे किती श्रम वाचतात पाहा. ब्रोमोएथेनवर हायड्रॉक्साइड आला तर अल्कोहोल मिळते. सायनाइड आला तर नायट्राइल मिळते. अमोनिया आला तर अमाइन मिळते. एथॉक्साइड आला तर ईथर मिळतो, आणि वडील जी ‘विल्यमसन’ म्हणवून घेत होते ती हीच. पाठ करणाऱ्याच्या वहीत या चार विक्रिया चार पानांवर असतात. समजणाऱ्याच्या डोक्यात ती एकच विक्रिया असते, पाहुणा तेवढा बदललेला. इलेक्ट्रॉनांची जोडी कोठून निघून कोठे गेली हे दाखविणारा वक्र बाण रॉबर्ट रॉबिन्सन व त्यांचे सहकारी कर्मॅक यांनी १९२२ साली वापरात आणला. मुले हा बाण शोभेसाठी काढतात आणि पुष्कळदा उलटा काढतात. बाण नेहमी जोडी जेथे आहे तेथून निघावा आणि जोडी जेथे जाणार तेथे टेकावा. हा दंडक पाळला तर पुढचा पदार्थ कोणता ते बाणच सांगतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पाण्यात हायड्रॉक्साइडभोवती पाण्याच्या रेणूंचा गराडा पडतो. त्याची हायड्रोजन हिसकावून घेण्याची धमक कमी होते आणि तो टंचाईतल्या कार्बनवर जाऊन बसतो. मिळते ते अल्कोहोल. अल्कोहोलात मात्र पोटॅशमुळे काही प्रमाणात अल्कॉक्साइड तयार होतो. तो अधिक तीव्र अल्क आहे. उष्णता दिली असता तो कार्बनकडे जाण्याऐवजी शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून घेतो, ब्रोमीन निघून जाते आणि दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध होतो. मिळते ते अल्कीन. दोन्ही गोष्टी थोड्याफार एकाच वेळी घडत असतात. पाणी की अल्कोहोल यावर कोणाची सरशी होणार ते ठरते. टंचाईतल्या कार्बनभोवती इतर कार्बनांची गर्दी असेल, तर आत शिरणे अवघड होते आणि अल्कीनची बाजू आणखी बळकट होते. उत्तर एवढेच होते. पाच मिनिटांचे काम होते.

दुसरे उदाहरण परीक्षेत हमखास येणारे, आम्लतेच्या क्रमाचे. अॅसेटिक आम्ल, फिनॉल आणि साधे एथिल अल्कोहोल या तिघांतही ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे. तरीही आम्लता मोजण्याच्या मापावर त्यांचे आकडे सुमारे ४.८, १० आणि १६ असे येतात. आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहा पटींचा फरक. असे का व्हावे? हायड्रोजन निघून गेल्यावर मागे ऋण भार राहतो, त्याचे ओझे कोण वाहणार, यात सारे मर्म आहे. अॅसेटिक आम्लात ते ओझे दोन ऑक्सिजन सारखे वाटून घेतात. फिनॉलमध्ये काही ओझे बेंझीनच्या कड्यावर पसरते. बिचाऱ्या अल्कोहोलात ते एकट्या ऑक्सिजनच्या डोक्यावर राहते. ओझे वाटले गेले की ते वाहणे सोपे, म्हणून हायड्रोजन सोडणे सोपे. घरी व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा टाकून पाहावा. फसफसून वायू निघतो. फिनॉलच्या द्रावणात सोडा टाकला तर असे फसफसत नाही. प्रात्यक्षिकात आम्ल आणि फिनॉल वेगळे ओळखण्याची जी परीक्षा असते, ती एवढीच.

तिसरे उदाहरण आमच्या कोकणपट्टीतले व गोव्यातले. माडाची ताजी नीरा गोड असते. ती ठेवली की किण्वामुळे तिच्यातील साखरेचे अल्कोहोल होते, ती ताडी. ताडी उघडी राहिली की जिवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्या अल्कोहोलाचे अॅसेटिक आम्ल करतात, तो शिर्का. गोव्यातल्या स्वयंपाकघरांत माडाच्या शिर्क्याला किती मान आहे हे सांगावयास नको. पुस्तकात ‘अल्कोहोलापासून अल्डिहाइड, अल्डिहाइडापासून आम्ल’ म्हणून जी ऑक्सिडीकरणाची शिडी दिलेली असते, तीच ही. शिडीवर किती पायऱ्या चढता येतील हे हायड्रोजनवर अवलंबून असते. ज्या कार्बनवर अल्कोहोलचा गट आहे त्याच्यावर दोन हायड्रोजन असतील तर अल्डिहाइड होऊन पुढे आम्लापर्यंत जाता येते; एकच असेल तर कीटोनपाशी थांबावे लागते; एकही नसेल तर शिडीच नाही. प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक ही भारदस्त नावे पाठ करणाऱ्या मुलाने एकदा हायड्रोजन मोजले, तर तक्ता पाठ करण्याची त्याला गरज उरत नाही.

घराघरांतले आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. पावसाळ्यात दमट हवेत राहिलेली अॅस्पिरिनची जुनी गोळी हुंगून पाहिली तर शिर्क्यासारखा आंबट वास येतो. अॅस्पिरिन हे एस्टर आहे. हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू तुटते आणि अॅसेटिक आम्ल सुटते. पुस्तकातले एस्टरचे जलअपघटन औषधाच्या डब्यात चाललेले असते. अर्थात अशी गोळी खाऊ नये, टाकून द्यावी.

येथे कोणी म्हणेल, ‘मग पाठांतर मुळीच नको काय?’ तसे आमचे म्हणणे नाही. भाषा शिकताना व्याकरण समजले तरी शब्द पाठ करावेच लागतात. अभिकारकांची नावे, तापमानाच्या अटी, विक्रियांना दिलेली माणसांची नावे ही लक्षात ठेवावीच लागतात. मात्र शब्दालाही मूळ असते. फॉर्मिक आम्लाचे नाव मुंगीच्या लॅटिन नावावरून आले, कारण ते प्रथम मुंग्यांपासून मिळविले गेले. ब्युटिरिक आम्लाचे नाव लोण्यावरून आले. खवट लोण्याचा वास तो त्याचाच. असे मूळ माहीत असले की नाव सहज डोक्यात बसते. आधी समजूत आणि मग पाठांतर, हा क्रम एवढा सांभाळावा.

आता प्रत्यक्ष तयारीविषयी. पहिले काम नकाशाचे. एका मोठ्या कागदावर कुळांची नावे स्टेशनांसारखी मांडावीत आणि एका स्टेशनाहून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रुळावर लागणारा अभिकारक लिहावा. हा नकाशा बाजारातून आणू नये, मित्राचा उतरवू नये, स्वतः काढावा. तो काढताना जो विचार होतो तोच अभ्यास.

दुसरे काम रूपांतराच्या प्रश्नांचे. ‘एथेनॉलपासून प्रोपेनॉइक आम्ल तयार करा’ असा प्रश्न आला की मुले पहिल्या पदार्थापासून धावत सुटतात व रस्ता चुकतात. अशा वेळी प्रथम दोन्हीकडचे कार्बन मोजावेत. एथेनॉलमध्ये दोन, आम्लात तीन. म्हणजे एक कार्बन वाढवावयाचा आहे. एक कार्बन जोडणारा ओळखीचा पाहुणा कोण? सायनाइड. मग शेवटाकडून मागे यावे : आम्ल नायट्राइलपासून, नायट्राइल ब्रोमोएथेनपासून, ब्रोमोएथेन एथेनॉलपासून. उत्तर उलटे वाचले की झाले. कार्बन एकाने कमी करावयाचा असेल तर अमाइडवर ब्रोमीन व अल्क वापरणारी हॉफमनची विक्रिया आठवावी. शेवटाकडून मागे येण्याची ही रीत मुलांची युक्ती म्हणून हिणवू नये. मोठे रेणू जुळविताना तीच पद्धतशीरपणे वापरण्याचे शास्त्र ई. जे. कोरी यांनी रचले आणि १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसरे काम कोऱ्या कागदाचे. धडा पुन्हा पुन्हा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचा वाटणे म्हणजे येणे, असा भ्रम होतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून रोज पुस्तक मिटून नकाशातला एखादा भाग कोऱ्या कागदावर काढावा, चुका तांबड्या शाईने दुरुस्त कराव्यात आणि चार दिवसांनी तोच भाग पुन्हा काढावा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. दहावीपर्यंत संयुजा, समघटकता, क्रियात्मक गट या शब्दांशी त्यांची मैत्री झालेली असते. अकरावीत सारे इंग्रजीत सुरू होते आणि ओळखीची माणसे परकी होतात. हुशार मुलासही आपण मागे पडलो असे वाटते; वास्तविक त्याला अडते ते नव्या नावांशी. त्याने वहीच्या डाव्या बाजूस मराठी शब्द आणि उजव्या बाजूस इंग्रजी शब्द लिहून स्वतःचा लहान कोश करावा, विचार मराठीत करावा, उत्तर इंग्रजीत लिहावे. दोन-तीन महिन्यांत डावी बाजू पाहण्याची गरज संपते.

परीक्षेच्या दालनात काय करावे, हे मुलांस पुष्कळ लोक सांगतात. आम्ही थोडेच सांगतो. लेखी पेपर सत्तर गुणांचा आणि वेळ तीन तासांचा. म्हणजे एका गुणास अडीच मिनिटे. तेव्हा दोन गुणांच्या प्रश्नावर पाव तास घालवू नये. रचना काढल्यावर प्रत्येक कार्बनचे चार हात मोजावेत. पाच भरले तर चूक तेथेच सापडते. आणि प्रश्नातला ‘पाण्यातील’ किंवा ‘अल्कोहोलातील’ हा एक शब्द वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये.

शेवटी पुन्हा त्या रात्रीच्या देखाव्याकडे वळू. वडिलांनी पुस्तक हातात धरून बसावे, यास आमची हरकत नाही. त्यांना रसायन येत नाही, याचीही काळजी नाही. उलट ते सोयीचे आहे. त्यांनी ‘म्हण’ म्हणण्याऐवजी ‘हे असे का झाले, मला समजावून सांग’ एवढेच म्हणावे. ज्याला काही येत नाही त्याला समजावून देताना मुलाला आपले कोठे अडते ते नेमके कळते. सामाईक विहिरीची गोष्ट त्याने बापाला सांगावी. बाप शेतकऱ्याचा नातू असेल, तर त्याला ती मुलापेक्षा लवकर समजेल. अकराच्या आधी दिवाही मालवता येईल.

आणि मुलाने किंवा मुलीने जर उलट विचारले, ‘बाबा, असे का?’, तर आम्ही एकदा जे उत्तर दिले ते कोणी देऊ नये. ‘मला ठाऊक नाही, उद्या विचारून येऊ,’ असे म्हणावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा वर्गातल्या शिक्षकांनी असे म्हटल्याने त्यांचा मान कमी होत नाही. प्रश्न विचारणारे मूल मात्र पुन्हा प्रश्न विचारते.